झाड उलटं करा, नोकरी मिळवा
(पेमेंट कंपनीच्या कोडिंग मुलाखतीची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

पेमेंट कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर व्हायचं ठरवलंत, अभिनंदन. चहाच्या टपरीवरचा छोटा स्पीकर ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असं बोलतो, तेव्हा त्यामागे नेमकं काय घडतं याचं तुम्हाला कुतूहल असेल. ते तूर्त आवरा. मुलाखतीच्या तयारीत कुतूहलाइतका वेळखाऊ शत्रू दुसरा नाही.

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे : इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, हिंजवडीतल्या सर्व्हिस कंपनीत बेंच आणि सपोर्ट यांच्यामध्ये तीन वर्षं झुललेले, आणि बेंगळुरूतच असून बेंगळुरूतल्याच दुसऱ्या कंपनीत जाऊ पाहणारे. पायऱ्या क्रमाने चढा. एखादी गाळलीत तर नकाराचा ईमेल येईल. न गाळताही येतो, पण मग निदान मनाला रुखरुख लागत नाही.

१. आयुष्य सहा महिन्यांसाठी बंद ठेवा

सुरुवात लीटकोडपासून करा. तिथला पहिला प्रश्न ‘टू सम’ : दिलेल्या आकड्यांपैकी कुठल्या दोघांची बेरीज अमुक होते ते शोधा. तो सुटला की वाटेल, जमतंय की. या भावनेचा पुरेपूर आनंद घ्या. पुढे तीन हजारांहून जास्त प्रश्न आहेत.

२००८ साली गेल लाकमान मॅकडॉवेल यांचं ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’ आलं. २०१५च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न होते आणि तेवढ्यावर माणसं समाधानी होती. आता १८९ प्रश्न म्हणजे दिवाळीची सुट्टी. फारच घाई असेल तर ‘ब्लाइंड ७५’ ही पंचाहत्तर प्रश्नांची यादी घ्या, आणि घाई नसेल तर याद्यांची यादी करा. याद्या जमवण्यातून मिळणारं समाधान प्रश्न सोडवण्यातून मिळत नाही, हे जाणकार मान्य करतील.

घरच्यांना कल्पना द्या. आई विचारेल, “अरे, परीक्षा संपल्या ना तुझ्या चार वर्षांपूर्वी?” तिच्याशी वाद घालू नका, तिचं बरोबर आहे. मावसभावाच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर ‘त्या आठवड्यात ग्राफ आहेत’ एवढंच सांगा. नातेवाईक आजार समजतील आणि अधिक विचारणार नाहीत.

२. रेफरल मिळवा

कॉलेजात ज्याच्याशी चार वर्षांत एकदाही बोलला नाहीत, असा वर्गमित्र त्या कंपनीत असतोच. त्याला ‘कसा आहेस, खूप दिवसांनी’ असा मेसेज टाका. पुढच्या मेसेजमध्ये रेझ्युमे जोडा. दोन्हींत निदान दोन मिनिटांचं अंतर ठेवा, मैत्रीला शोभतं. संकोच नको. तुम्ही रुजू झालात तर बहुतेक ठिकाणी त्याला बोनस मिळतो, त्यामुळे त्यालाही तुमची अचानक आठवण यायला लागेल.

३. ऑनलाइन परीक्षेत विचार करताना दिसू नका

पहिली चाळणी ऑनलाइन असते. वेळ नव्वद मिनिटं, कॅमेरा चालू, दुसरी टॅब उघडायला बंदी. विचार करताना छताकडे बघायची सवय असेल तर आत्ताच मोडा. छताकडे बघणारा माणूस संगणकाला संशयित वाटतो. ओठ हलवू नका. कुकरच्या शिट्ट्या अगोदर करून घ्यायला सांगा. तुमचा कोड दिसणाऱ्या चाचण्यांत उत्तीर्ण होईल आणि लपवलेल्या चाचण्यांत पडेल. कशामुळे पडला हे कोणी सांगणार नाही. पुढे बँकांशी काम करायचं आहे, तेव्हा हा अनुभव वाया जाणार नाही.

४. अडखळायचा सराव करा

हा आपल्या अभ्यासक्रमाचा गाभा. समोरून प्रश्न येईल तो तुम्ही चार वेळा सोडवलेला असेल. मुलाखतकाराला हे माहीत असतं, आणि त्याला माहीत आहे हे तुम्हालाही. तरी तुम्ही तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहताय असं दोघांनी मिळून पंचेचाळीस मिनिटं मानायचं असतं. प्रयोग असा बसवा :

- प्रश्न ऐकून किंचित कपाळाला आठी घाला. फार नको, पोटदुखी वाटते.
- विचारा, “अ‍ॅरे रिकामा असू शकतो का?” असू शकतो. नेहमीच असू शकतो. तरी विचारा.
- आधी सर्वांत ढोबळ उत्तर सांगा आणि लगेच त्याच्याविषयी नाराजी व्यक्त करा : “पण याला एन स्क्वेअर वेळ लागेल.”
- आता थांबा. मनात चार आकडे मोजा. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “इथे हॅशमॅप वापरला तर?” आवाजात नवल हवं.
- कोडमध्ये एक छोटी चूक मुद्दाम ठेवा, लूप एक पाऊल जास्त धावेल अशी. ड्राय रन करताना ती स्वतःच पकडा. ‘उमेदवार स्वतःच्या चुका शोधतो’ हे फीडबॅकच्या फॉर्मवर शोभून दिसतं.

मुलाखतकारावर दया असू द्या. त्यानेही तो प्रश्न त्याच यादीतून उचललाय, आणि त्याला त्याचं एकच उत्तर येतं. तुम्ही दुसरं बरोबर उत्तर दिलंत तर तो गप्प होईल, आणि ती शांतता तुम्हाला महागात पडेल. आडनावावरून तो साताऱ्याचा निघाला तरी ‘काय म्हणताय’ करत सैलावू नका. शेवटी तोही म्हणेल, “कॅन वी ऑप्टिमाइझ धिस?”

कधीतरी खरोखरच न पाहिलेला प्रश्न येईल. तिथे मात्र तुम्ही खरा विचार कराल, खरे अडखळाल, दोन रस्ते चुकून तिसऱ्यावर लागाल. इंजिनीअर रोज हेच करतो. मुलाखतीत याला ‘तयारी कमी पडली’ म्हणतात.

५. झाड उलटं करायला शिका

बायनरी ट्री उलटी करणं म्हणजे प्रत्येक फांदीची डावी-उजवी बाजू बदलणं. कोड चार-पाच ओळींचा. पेमेंटमध्ये याचा उपयोग कुठे होतो, असा प्रश्न मनात आला असेल तर पायरी एककडे परत जा.

२०१५ साली मॅक्स हॉवेल यांनी ट्विट केलं होतं. जगभरच्या मॅकवर प्रोग्रामर जे ‘होमब्रू’ वापरतात, ते त्यांनीच लिहिलेलं. गूगलचे बहुसंख्य इंजिनीअर आपलं सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर झाड उलटं करता येत नाही म्हणून आपल्याला नाकारलं गेलं, असा त्यांचा सूर होता. खूप चर्चा झाली. त्यातून आपल्या क्षेत्राने एकमताने धडा घेतला : झाड उलटं करायचा सराव वाढवला पाहिजे.

त्याआधी दोन वर्षं, २०१३मध्ये, गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील छापाची कोडी विचारणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. त्यांचं ऐकून कंपन्यांनी कोडी बंद केली आणि तो वेळ झाडांना दिला.

६. नाणी मोजा

लीटकोडवर ३२२ क्रमांकाला ‘कॉइन चेंज’ आहे : दिलेली रक्कम कमीत कमी नाण्यांत कशी द्याल? ज्या कंपनीने सुट्ट्यांची कटकट संपवण्यासाठीच जन्म घेतला, तिच्या मुलाखतीत हा प्रश्न विचारतात. हसू नका, सोडवा. मोठ्यात मोठं नाणं आधी उचलायचा मोह होईल. आपल्या एक, दोन, पाच, दहाच्या नाण्यांना तो नियम चालतो, पण मुलाखतकाराचा देश वेगळा असतो. तिथे एक, तीन आणि चारची नाणी असतात आणि सहा रुपये द्यायचे असतात. मोठं आधी घेतलंत तर चार, एक, एक अशी तीन नाणी जातात. तीन आणि तीन अशा दोनांतच काम होतं. ‘डायनॅमिक प्रोग्रामिंग’ म्हणा, तक्ता भरा. आपला वाणी हा प्रश्न एक पेपरमिंटची गोळी हातावर ठेवून सोडवायचा, हे सांगू नका. ते उत्तर कमी वेळात येतं, पण चाचण्यांत बसत नाही.

७. कामाचं ज्ञान असेल तर झाका

कष्ट घेऊनही काहींना पेमेंटविषयी थोडंफार कळतंच. अशांसाठी ही खबरदारी.

समजा तुम्हाला माहीत आहे की संगणकात पैसे दशांश अपूर्णांकात साठवायचे नसतात. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांना ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. म्हणून शहाणी माणसं रुपये न साठवता पूर्णांकात पैसे साठवतात : साडेदहा रुपये म्हणजे १०५०. हे तुम्ही मुलाखतीत सांगितलंत तर उत्तर मिळेल, “गुड पॉइंट, पण आपण झाडाकडे वळू या.”

किंवा कार्ड क्रमांकातली चूक ओळखणारी लून पद्धत. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६०मध्ये ते मिळालं. उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करायचा, दोन अंकी झाला तर त्याचे अंक मिळवायचे, सगळ्यांची बेरीज दहाने भागली गेली पाहिजे. एखादा अंक चुकला की पकडला जातो, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडले जातात. फक्त ०९चं ९० झालं तर निसटतं. हा धंद्याशी खरा संबंध असलेला प्रश्न आहे, त्यामुळे ‘वॉर्म-अप’ म्हणून पहिल्या पाच मिनिटांत उरकतात. त्यात रमू नका.

८. पार्किंग लॉट बांधा

ही मशीन कोडिंग फेरी. नव्वद मिनिटांत बहुमजली पार्किंग लॉट, सापशिडी किंवा मित्रांच्या ट्रिपचा खर्च वाटून देणारं ॲप लिहायचं. देशात अशी हजारो पार्किंग लॉट दर महिन्याला लिहिली जातात आणि कोरमंगलात दुचाकी लावायला जागा मिळत नाही. इंटरफेस भरपूर ठेवा. फॅक्टरी, स्ट्रॅटेजी, ऑब्झर्व्हर असे पॅटर्न घाला, मग त्यात जागा उरली तर गाड्या घाला. कोड चाललाच पाहिजे असं नाही, मात्र उद्या विमानं लावायची झाली तर काय बदलावं लागेल, ते सांगता आलं पाहिजे.

९. पस्तीस मिनिटांत यूपीआय उभं करा

सिस्टीम डिझाइनच्या फेरीत प्रश्न येईल, “यूपीआय डिझाइन करा.” वेळ पंचेचाळीस मिनिटं, त्यातली दहा ओळखीत आणि ‘माझी स्क्रीन दिसतेय का?’ यात जातात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची स्थापना २००८ची, आयएमपीएस २०१०चं आणि यूपीआय एप्रिल २०१६चं. म्हणजे रिझर्व्ह बँक आणि देशभरच्या बँका जमेस धरून जे आठ वर्षांत उभं राहिलं, ते तुम्हाला पस्तीस मिनिटांत उभं करायचंय. घाबरू नका, त्यांना तुमच्यासारखी युट्यूबची सोय नव्हती.

आधी अंदाज बांधा. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एकतीस दिवसांच्या सेकंदांनी भागा, सेकंदाला साधारण साडेसात हजार येतात. उत्तर पाठ असलं तरी भागाकार करताना हवेत बोट फिरवा. मग चौकोन काढा : लोड बॅलन्सर, मायक्रोसर्व्हिस, रेडिस, काफ्का. काफ्का कशासाठी असं कोणी विचारत नाही, नसेल तर मात्र विचारतात.

आता सगळ्यात नाजूक सूचना. पैसे पाठवणाऱ्याची बँक, मधलं स्विच आणि घेणाऱ्याची बँक असे चौकोन काढून त्यांना बाणांनी जोडाल, तेव्हा बाणांकडे रोखून बघू नका. धंद्याची सगळी भानगड तिथे राहते. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि पलीकडून उत्तरच आलं नाही, तर जमा झाले की नाही? तसंच पुन्हा पाठवलं तर दोनदा जमा होतील, न पाठवलं तर एकदाही होणार नाहीत. या प्रसंगासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्ये परिपत्रक काढून मुदती घालून दिल्या : एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले पैसे अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत, आणि उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये भरपाई. अडकलेल्या पैशांसाठी नियम करावा लागतो, एवढे ते नियमाने अडकतात.

मुलाखतीत यावर उपाय एका शब्दाचा : आयडेम्पोटन्सी. प्रत्येक विनंतीला एक किल्ली द्यायची. तीच किल्ली पुन्हा आली तर नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर परत करायचं. शब्द स्पष्ट उच्चारा आणि लगेच थांबा. किल्ली कुठे साठवायची, किती दिवस ठेवायची, पहिली विनंती अर्धवट असताना दुसरी आली तर काय, हे बोलायला लागलात तर मुलाखतकारही त्यात अडकेल. त्याची पुढची मीटिंग चुकेल आणि दोष तुमच्यावर येईल.

१०. चौघांचं काम एकट्याने करा

वर्तणुकीच्या फेरीत ‘स्टार’ पद्धत वापरा : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने करू नये असं लहानपणी आजीने शिकवलं असेल तर आजीला मनातल्या मनात नमस्कार करून सुरुवात करा. चौघांनी रात्रभर जागून सोडवलेली अडचण तुम्ही एकट्याने सोडवली असं सांगा. अपराधी वाटून घेऊ नका, उरलेले तिघेही त्याच आठवड्यात आणखी तीन कंपन्यांत ती एकेकट्यानेच सोडवत असतात.

शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ असं विचारतील. ‘टीमचं कल्चर कसं आहे’ हे चालेल. ‘कंपनी पैसे कशातून कमावते’ हे मुळीच नाही. बँक खात्यातून थेट होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून घ्यायचं एमडीआर शुल्क जानेवारी २०२०पासून शून्य आहे. हा प्रश्न संचालक मंडळही जपून विचारतं.

११. पगाराची फोड समजून घ्या

एचआर सीटीसीचा आकडा सांगेल. आकडा मोठा असेल, कारण त्यात कंपनीने भरायचा पीएफ, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी, कोणाला पूर्ण मिळाल्याचं ऐकिवात नसलेला व्हेरिएबल आणि ईसॉप हे सगळं धरलेलं असतं. ईसॉपचा कागद जपून ठेवा. कंपनी शेअर बाजारात आली तर तुम्ही श्रीमंत व्हाल, न आल्यास कागद जाड असतो.

सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल आणि नव्या कंपनीला तुम्ही उद्याच हवे असाल. या नव्वद दिवसांत हातातली ऑफर दाखवून दुसरी मिळवा, दुसरी दाखवून तिसरी. एचआरला वाईट वाटतं. त्यांनीही मागच्या महिन्यात हेच केलेलं असतं.

१२. रुजू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे एक तक्रार येईल. एका किराणा दुकानदाराचे चाळीस रुपये. गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले, स्पीकर बोलला नाही. तुम्ही व्यवहार शोधाल आणि तो त्या तारखेला सापडणारच नाही. रात्री एक वाजता झालेला व्यवहार बँकेच्या फाइलमध्ये आजच्या तारखेला, पण तुमच्या सर्व्हरवर कालच्या तारखेला असतो, कारण सर्व्हर ग्रीनिचच्या घड्याळावर चालतो, भारतापेक्षा साडेपाच तास मागे. तारीख जुळवाल तेव्हा बारा अंकी संदर्भ क्रमांक जुळणार नाही. मधे कोणीतरी ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली असेल, आणि एक्सेलने अकरापेक्षा जास्त अंक पाहून क्रमांकाचं ‘४.२३ई+११’ असं करून टाकलेलं असेल. दोन दिवस तीन बँकांना ईमेल केल्यावर चाळीस रुपये सापडतील. झाड कुठेही लागणार नाही.

मग लवकरच तुम्हालाही मुलाखती घ्यायला सांगतील. चाळीस रुपयांचाच प्रश्न विचारावा, असा मोह होईल. विचारू नका. त्याचं उत्तर कुठल्याच यादीत नाही. समोरचा मुलगा गप्प होईल, खरंच विचारात पडेल, चुकीच्या फाइलकडे जाईल, परत फिरेल, आणि “घड्याळं वेगळी असतील का?” असं स्वतःच विचारेल. तुम्हाला तो आवडेलही. पण फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही, आणि फॉर्म संध्याकाळी सहाच्या आत भरायचा असतो.